मुलांचे कॉलेज आणि पुस्तकातले इंग्रजी



या पत्रिकेत आम्ही बहुधा लागण, बेणे, खोडवा आणि खते याच विषयांवर लिहीत असतो. या खेपेस ऊस बाजूला ठेवून मुलांच्या कॉलेजविषयी लिहीत आहोत. कारण असे की गटात फिरताना उसाची चौकशी दहा मिनिटांत संपते आणि मुलांची चौकशी अर्धा तास चालते. "साहेब, पोरगं बी.एस्सी. ॲग्रीला लागलं. बारावीला मार्क चांगले होते. पण पहिल्याच सेमिस्टरला तीन विषय राहिले. आता म्हणतंय, काय चाललंय तेच समजत नाही, घरी येतो." अशा बोलण्याचा नमुना प्रत्येक गटात ऐकायला मिळतो. कोणाचा मुलगा इंजिनिअरिंगला असतो, कोणाची मुलगी नर्सिंगला वा फार्मसीला. दुखणे एकच.

त्यावर पालकांचे निदानही एकच, "इंग्रजी कच्चं आहे." आणि उपायही ठरलेला. मोठ्याला तालुक्याच्या गावी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावायचा, आणि धाकट्याच्या बाबतीत तरी चूक नको म्हणून त्याला पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात टाकायचे. दोन्हींना ऊसबिलातले पैसे जातात. आमचे म्हणणे असे की निदान निम्मे बरोबर आहे आणि औषध बहुतांशी चुकीचे आहे.

बोलण्याचे इंग्रजी आणि पुस्तकातले इंग्रजी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे आमच्या पदरचे मत नाही. कॅनडातील जिम कमिन्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९७९ साली हा भेद स्पष्ट मांडला. परदेशातून कॅनडात आलेली मुले मैदानावर, दुकानात, मित्रांत साधारण दोन वर्षांत चांगले इंग्रजी बोलू लागतात. शिक्षकांना वाटते, याला आता भाषा आली. परंतु वर्गातले पुस्तक वाचून समजणे, त्यावर विचार करणे आणि लिहिणे यात बरोबरीच्या मुलांना गाठायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात. ही गोष्ट जेथे चोहीकडे इंग्रजीच कानावर पडते तेथील आहे. आमच्याकडे तर वर्गाबाहेर इंग्रजी औषधालाही मिळत नाही. मग तीन महिन्यांचा स्पीकिंगचा क्लास करून पोरगं मृदाशास्त्राचे पुस्तक वाचू लागेल ही अपेक्षा म्हणजे आडसाली लावून सहाव्या महिन्यात तोड मागण्यासारखे आहे.

क्लासवाल्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. मुलाखतीला, नोकरीला धीटपणे चार वाक्ये बोलता आली पाहिजेत. पण सेमिस्टरला विषय राहतात ते बोलता येत नाही म्हणून राहत नाहीत. प्रश्नपत्रिकेवर "हाऊ आर यू" असे कोणी विचारीत नाही.

पुस्तकातली भाषा ही कोणाचीच घरची भाषा नसते, हे आपल्या मराठीवरून लगेच ध्यानात येईल. खरेदीखत, सातबारा, सोसायटीची नोटीस यांतली मराठी आपण घरात बोलतो का? "सदरहू मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे", "नोंद घेण्यात यावी", "कार्यवाही करण्यात येईल". कोण करणार, कधी करणार, पत्ता नाही. तरीही आपले तात्या-आबा खरेदीखत वाचून त्यातली मेख बरोबर काढतात, कारण चार खरेदीखते वाचून त्यांना त्या भाषेची चाल कळलेली असते. शास्त्राच्या पुस्तकातले इंग्रजी याच जातीचे आहे. "आम्ही युरिया जास्त टाकला आणि फुटवे वाढले" असे त्यात नसते. "नत्राच्या मात्रेतील वाढीमुळे फुटव्यांच्या संख्येत वाढ आढळून आली" अशी त्याची धाटणी. करणारा माणूस गायब, क्रियापदाचे नाम झालेले, आणि वाक्य दोन-दोन ओळींचे. लंडनच्या मुलालाही ही भाषा आईच्या मांडीवर येत नाही. त्यालाही ती शिकावी लागते.

आता शब्दांचे पाहू. मुले म्हणतात, अवघड शब्द फार. पण अवघड शब्द कोणते, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतले रोजच्या वापरातले दोनेक हजार मूळ शब्द बारावी झालेल्या मुलाला बरेचसे ओळखीचे असतात. त्यावर विषयाचे खास शब्द. येथे ऊस उत्पादकाच्या मुलाचे पारडे उलट जड आहे. 'रटून' म्हणजे आपला खोडवा, 'सेट' म्हणजे टिपरी, 'ट्रॅश' म्हणजे पाचट, 'इंटरनोड' म्हणजे कांडे. 'टिलर' म्हटले की आपल्या पोरांना पॉवर टिलर आठवतो, पण पुस्तकात तो फुटवा असतो. 'अर्थिंग अप' हे वाचून एकाने आम्हाला विचारले, "साहेब, उसात मोटारीचं अर्थिंग कुठनं आलं?" ती मोठी बांधणी. एकदा सांगितले की हे शब्द जन्मात विसरत नाहीत, कारण वस्तू हाताखालून गेलेली असते. शहरातल्या मुलाला 'टिलर' पाठ असतो, पण फुटवा दाखवा म्हटले की तो बांधावर उभा राहतो.

खरी अडचण या दोन्हींच्या मधल्या शब्दांची. ते रोजच्या बोलण्यातले नाहीत आणि एका विषयाचेही नाहीत, पण शेतीपासून कायद्यापर्यंत सर्व पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटतात. 'इंडिकेट', 'ऑकर', 'रिक्वायर', 'व्हेरी', 'असेस', 'फॅक्टर' असे. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतला सुमारे पस्तीस लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली अशा शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुळे आहेत, आणि विद्यापीठातल्या पुस्तकांचा सुमारे दहावा हिस्सा मजकूर याच शब्दांनी भरलेला असतो. हे शब्द शाळेत कोणी वेगळे काढून शिकवीत नाही आणि कॉलेजातले प्राध्यापक ते येतात असे धरून चालतात. रोज पाच धरले तरी ११४ दिवस लागतात. चार महिन्यांच्या आतले काम. यादी कोणाही मुलाला मोबाईलवर फुकट मिळते.

यातला एकच शब्द उदाहरणादाखल घेतो, 'सिग्निफिकंट'. शब्दकोश सांगतो, महत्त्वाचा. पण ऊस संशोधनाच्या अहवालात दोन जातींच्या टनेजमधला फरक 'नॉन-सिग्निफिकंट' असे लिहिले असेल, तर फरक बिनमहत्त्वाचा असा त्याचा अर्थ नाही. प्रयोगात दिसलेला फरक जमिनीच्या कमीजास्तपणामुळे, निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, जातीमुळेच पडला असे छातीठोक सांगता येत नाही, असा तो अर्थ. मग पुढे म्हणतात, दोन्ही जाती 'ॲट पार'. हे ज्याला कळले त्याला संख्याशास्त्राचा निम्मा धडा कळला. आणि ज्याने नुसते पाठ केले तो पुढे अधिकारी होऊन आला तरी शेतकऱ्याला उलटेच सांगेल.

आमची स्वतःची कृषी पदविका मराठीतून झाली. नोकरीस लागल्यावर पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची इंग्रजी पत्रके समोर येऊ लागली. ती वाचल्याखेरीज को ८६०३२ ला काय द्यावे आणि २६५ ला काय, हे सभासदांना सांगता येईना. क्लास नव्हता, वेळही नव्हता. शिसपेन्सिल घेऊन रोज एक पान वाचायचे, अडला शब्द पानाच्या कडेला मराठीत लिहायचा, आणि शेवटी त्या पानाचे सार मराठीत तीन ओळींत उतरवायचे, एवढेच केले. पहिले पत्रक संपवायला पंधरा दिवस लागले. वर्षभरात एका बैठकीत वाचून होऊ लागले. आजही आम्हाला फर्डे इंग्रजी बोलता येत नाही, पण वाचायला कोणाची मदत लागत नाही. सबब हे होण्यासारखे आहे, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

वाचन आधी, हा विचार आपल्याच देशात जुना आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ त्या वेळच्या बंगालात ढाक्याला शिक्षक घडविण्याचे काम करीत होते. बंगाली मुलांना इंग्रजी मुख्यतः कशासाठी लागणार, हे त्यांनी तपासले आणि १९२६ सालच्या आपल्या अहवालात मांडले की आधी वाचता आले पाहिजे. ज्ञान पुस्तकात आहे, आणि शिक्षण मध्येच सुटले तरी वाचण्याची विद्या हातात राहते. पुढे १९५३ साली त्यांनी इंग्रजीतल्या नित्योपयोगी शब्दांची यादी छापली. आम्ही वर दोनेक हजार मूळ शब्द म्हटले ते तिच्यातले. शंभर वर्षे झाली तरी आमच्याकडे क्लासच्या पाट्यांवर 'फाडफाड इंग्रजी' हेच आहे.

मग मुलाने करायचे काय? बारावीची परीक्षा मार्चच्या सुमारास संपते. पुढे सीईटी, निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या असे करीत कॉलेज प्रत्यक्ष सुरू व्हायला बहुधा चार-पाच महिने जातात. एवढ्यात मुले काय करतात ते आपण पाहतोच. तेवढ्या काळात ज्या शाखेला जायचे त्या शाखेचे पहिल्या वर्षाचे एकच पुस्तक मिळवावे आणि रोज दोन पाने वाचावीत. आधी मथळे, आकृत्या आणि कोष्टके पाहावीत, म्हणजे प्रकरण कशाविषयी आहे ते कळते. मग मजकूर. प्रत्येक शब्दाला थांबू नये. लांब वाक्य आले की आधी त्यातले क्रियापद शोधावे. आपल्या मराठीत ते शेवटी बसते, इंग्रजीत ते मध्येच कर्त्यामागे लपलेले असते. 'हाउएव्हर' आले की पुढे मत फिरणार, 'देअरफोर' आले की निष्कर्ष येणार, 'व्हेअरॲज' आले की दोन गोष्टींची तुलना चालली आहे. हे दगड ओळखता आले की ओढा पार होतो.

शास्त्राच्या संज्ञांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यांत कृषिशास्त्राचाही आहे. संकल्पना समजायला मराठी विश्वकोश आहे. दोन्ही आता मोबाईलवर विनामूल्य पाहता येतात. आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजी वाचण्यात कमीपणा नाही. उलट कमिन्स यांचेच म्हणणे असे की एका भाषेत कमावलेली वाचण्याची, सार काढण्याची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. ज्याला मराठी लेखातला मुद्दा सापडत नाही त्याला इंग्रजीतला सापडणार नाही. आपल्या मुलाची परीक्षा घ्यायची असेल तर ही पत्रिका त्याच्या हातात द्या आणि एका लेखाचे सार चार ओळींत लिहून माग. न जमले तर दोष इंग्रजीचा नाही.

लिहिण्याचे दोन शब्द. परीक्षेत प्रश्नाच्या तोंडचा शब्द वाचायची सवय हवी. 'डिफाइन' म्हटले तर व्याख्या, 'एन्युमरेट' म्हटले तर नुसती यादी, 'डिफरन्शिएट' म्हटले तर दोन रकाने करून फरक, 'जस्टिफाय' म्हटले तर कारणे. आमची मुले चारही प्रश्नांना माहीत असेल तेवढे सगळे लिहून येतात, पान भरते आणि मार्क पडत नाहीत. वर्गात टिपणे घेताना मात्र मराठी शब्द घुसले तरी बिघडत नाही. वही आपली आहे.

येथे तरुण मंडळी म्हणतील, साहेब, आता मोबाईलच भाषांतर करतो, उत्तरेही लिहून देतो. खरे आहे, आम्हीही वापरतो. अडलेले वाक्य उलगडायला त्यासारखा मदतनीस नाही. परंतु सगळेच त्याच्याकडून लिहून घेणाऱ्याला परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. शिवाय तो 'टिलर'चे यंत्र करून ठेवील तर ते चुकले हे ओळखायला आपल्यालाच यावे लागते.

इंग्रजी माध्यमाबद्दल आमचे मत अनेकांना रुचणार नाही. चांगली शाळा कोणत्याही माध्यमाची असो, चांगलीच. पण नुसत्या टाय-बुटावर भुलून शाळा बदलू नये. मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि अनेक ठिकाणी गणित-विज्ञान सेमी इंग्रजीत आहे. घरी मराठी, शाळेत घोकलेले इंग्रजी, आणि दोन्हींत एकही पान समजून वाचता येत नाही अशी मुले आम्ही पाहतो. ती पहिल्या वर्षाला मराठी माध्यमाच्या मुलांइतकीच अडतात, फक्त अडलोय हे कबूल करीत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यातून निघालेले पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून डॉक्टर झाले, ते काही कॉन्व्हेंटमधून गेले नव्हते.

दुसऱ्या बाजूने विचारतात, उच्च शिक्षण मराठीतूनच का नको? हवेच. २०२१ पासून इंजिनिअरिंगसारखे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्यास परवानगी मिळाली आहे आणि त्याचे आम्ही स्वागत करतो. पण संशोधनाचे ताजे अहवाल आजही इंग्रजीतच निघतात. ते वाचणारा आपल्या घरातला कोणी नसला की दुकानदार सांगेल ते औषध आणि कंपनी सांगेल तो डोस. कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुले 'रावे'साठी आपल्या गावांत येऊन राहतात. बांधावर मराठीत विचारतात, रात्री इंग्रजीत अहवाल लिहितात. ज्यांना दोन्ही जमते त्यांच्याशी बोलताना शेतकऱ्याचा वेळ कारणी लागतो.

आता मुलींविषयी, आणि हे आम्हाला जास्त टोचते. मुलाचे विषय राहिले तर बाप चार शिव्या देतो आणि पुन्हा फी भरतो. मुलीचे राहिले तर घरात कुजबुज सुरू होते, "बघा, झेपत नाही. स्थळ चांगलं आलंय." एका सेमिस्टरवर तिचे शिक्षण संपते. वर्षभर आधी तिच्या हातात एक पुस्तक आणि एक शब्दांची वही पडली असती तर ती तरली असती, अशी उदाहरणे आमच्या कार्यक्षेत्रात आहेत. नावे लिहीत नाही, ज्यांच्या घरची आहेत त्यांना ठाऊक आहेत. मुली वर्गात शंका विचारायला लाजतात, मुले मागच्या बाकावर जाऊन बसतात. पहिले दोन महिने असे गेले की पुढचे सगळेच डोक्यावरून जाते. पालकांनी फोनवर "जेवलीस का" याबरोबर "आज कोणता धडा झाला, मला मराठीत सांग" एवढे विचारले तरी पुष्कळ. आईला त्यातले काही कळत नसले तरी चालेल. सांगणारीला समजले आहे की नाही ते सांगतानाच उघडे पडते.

कारखान्याने काय करावे याबद्दल आमची सूचना आहे. निर्णय संचालक मंडळाचा आणि वार्षिक सभेचा. नवीन कपात आम्ही मागत नाही, कपातीचे नाव काढले की सभासद लेख पुढे वाचणार नाहीत हे आम्ही जाणतो. एप्रिल-मे मध्ये गळीत हंगाम आटोपल्यावर गट ऑफिसांतल्या खोल्या दुपारनंतर मोकळ्याच असतात. तेथे बारावी झालेल्या मुला-मुलींसाठी रोज दोन तासांचा वाचनवर्ग भरवता येईल. बोलण्याचा क्लास नव्हे, वाचण्याचा. शिकवायला आपल्याच भागातले निवृत्त शिक्षक आणि सुट्टीला घरी आलेली शेवटच्या वर्षाची मुले पुरेत. त्यांना थोडे मानधन द्यावे. मुलींसाठी वेळ दिवसाउजेडीचा ठेवावा आणि मागे एखादी वडीलधारी बाई बसावी, म्हणजे पाठवायला कोणाची हरकत राहणार नाही.

पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. ज्यांची मुले पदवीधर झाली त्यांच्या घरी माळ्यावर पहिल्या वर्षाची पुस्तके पोत्यात बांधून पडलेली असतात. दिवाळीची सभासद साखर न्यायला याल तेव्हा ती गट ऑफिसात आणून द्यावीत. शेतकी, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कोणतीही चालतील. पानांच्या कडेला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले असतील तर ते खोडू नयेत.